गृहचिंतन : बंद दारामागचा सोबती

मुक्या प्राण्याचें दुःख त्याच्या तोंडून ऐकावयास मिळत नाहीं. तें त्याच्या वागणुकींतून ओळखावें लागतें. आणि ती वागणूक जेव्हां चपला कुरतडण्याची, दार ओरबाडण्याची व सगळा मजला डोक्यावर घेण्याची असते, तेव्हां तिच्यामागें कांहीं दुःख असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाहीं. घरधनी संतापतात, शेजारी तक्रार करतात, सोसायटीचे चिटणीस पत्र धाडतात, आणि 'याला कोठें तरी देऊन टाका' एवढाच उपाय उरला असें अखेरीस सर्वांस वाटूं लागतें. मुंबईंतील पुष्कळ घरांवर आज हा प्रसंग येत आहे. म्हणून घरीं एकटें राहावें लागल्यानें कासावीस होणाऱ्या कुत्र्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न आजच एवढा कां बळावला, याचें उत्तर आपल्या बदललेल्या राहणींत आहे. गिरगांवच्या वाड्या, परळ-लालबागच्या चाळी, दादरचीं जुनीं बिऱ्हाडें यांत कुत्रा असला तरी तो एकटा असा क्वचितच असे. सामायिक गॅलरी, दिवसभर उघडीं दारें, आंत आजी, जिन्यावर पोरें, आणि पाळी संपवून परतणारे गिरणीकामगार, अशी माणसांची ये-जा अखंड चाले. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक करून गिरण्या थंडावल्या आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांच्या जमिनींवर उंच मनोरे उठले. चाळींतील बिऱ्हाड विसाव्या मजल्यावर गेलें आणि दार दिवसभर बंद राहूं लागलें. एकत्र कुटुंबांतसुद्धां नोकरी, शाळा, शिकवणी यांमुळें सर्व माणसें एकाच वेळीं बाहेर असण्याचे तास वाढले. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली तेव्हां याच्या नेमकें उलट घडलें. सारें कुटुंब महिनोन्महिने घरांत राहिलें, आणि त्या काळांत आणलेल्या पिलांना घर कधीं रिकामें होतें ही गोष्टच ठाऊक झाली नाहीं. पुढें कचेऱ्या उघडल्या तेव्हां तीं एकाएकीं ओस घरांत सांपडलीं.

कुत्र्याचा जीव माणसांत गुंततो, ही भाविक कल्पना नव्हे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो, ती कथा आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. शास्त्रानेंही ही बाजू तपासली आहे. लहान मूल आईवर कितपत विसंबून असतें हें पाहण्यासाठीं मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ विदुषीनें एक परीक्षा बसविली होती. तींत आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते, परका माणूस आंत येतो, आणि आई परतल्यावर मूल कसें वागतें हें टिपलें जातें. बुडापेस्ट येथील संशोधकांनीं हीच परीक्षा ५१ कुत्र्यांवर व त्यांच्या धन्यांवर करून १९९८ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलाचें आईशीं जें नातें दिसतें त्याच जातीचें नातें कुत्र्याचें धन्याशीं असतें, असें त्यांना आढळलें. तेव्हां मागें राहिलेला कुत्रा दार ओरबाडतो तो खोडी म्हणून नव्हे. त्याची घाबरगुंडी उडालेली असते.

तथापि प्रत्येक भुंकणें हें भयाचें नसतें. कोणी जिन्यावरून जातांना भुंकतो, कोणी कंटाळून उशी फाडतो. खरें भय ओळखण्याच्या खुणा निराळ्या आहेत. तें बहुधा माणूस बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासांतच उसळतें. नासधूस दाराशीं व खिडकीशीं अधिक असते. लाळ गळते, धाप लागते, घरीं शिकविलेली शिस्त असूनही लघवी होते. आणि आवडीचा खाऊ पुढें असूनही त्यास तोंड लागत नाहीं. सध्यां प्रत्येकाच्या हातांत मोबाईल आहे. जातांना एक मोबाईल फडताळावर चित्रण चालू करून ठेवावा, म्हणजे तर्क करीत बसावें लागणार नाहीं.

घरीं परतल्यावर फाटलेली गादी दाखवून कुत्र्यास रागें भरण्याची चाल सार्वत्रिक आहे. 'पाहा, कसा अपराध्यासारखा बसला आहे!' असेंही आपण म्हणतों. परंतु अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें, कीं हा अपराधी चेहरा कुत्र्यानें कांहीं केलें कीं नाहीं यावर अवलंबून नसून धनी रागावला कीं नाहीं यावर अवलंबून असतो. तासापूर्वींच्या कृत्याशीं आतांच्या माराचा संबंध कुत्रा जोडूं शकत नाहीं. त्यास एवढेंच कळतें, कीं माणसें जातात हें भयंकर, आणि तीं परततात हेंही भयंकर. एका भयांत दुसऱ्याची भर पडते.

मग उपाय काय? तो साधा आहे, पण चिकाटीचा आहे. पहिली पायरी जाण्याच्या खुणांची. किल्ल्यांचा जुडगा वाजला, डबा भरला, चपला पायांत चढल्या, कीं कुत्र्याचा थरकाप सुरू होतो. तेव्हां दिवसांतून कित्येकदां किल्ल्या उचलाव्या आणि वर्तमानपत्र वाचीत बसावें. चपला घालाव्या आणि स्वयंपाकघरांत जावें. कुत्रा मान वर करीनासा झाला म्हणजे ती पायरी चढलों असें समजावें.

दुसरी पायरी दाराची. बाहेर जाऊन दार लावावें आणि पांच सेकंदांत परत यावें. तो घाबरण्यापूर्वीं यावें, हें यांतील मर्म आहे. पुढें दहा सेकंद, मग सात, मग वीस, असें कमी-अधिक करीत मिनिटांपर्यंत न्यावें. कुत्रा बेचैन झाला तर आपण घाई केली असें समजून एक पायरी उतरावें. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाची चढण सर्वांत कठीण. ती निवांतपणें पार पडली, कीं पुढील तास त्या मानानें लवकर वाढतात. यास कित्येक आठवडे लागतात. या आठवड्यांत, त्यास सोसेल त्यापेक्षां अधिक वेळ एकटें ठेवूं नये. नाहीं तर दहा दिवसांची कमाई एका दुपारीं बुडते.

येथें एकत्र कुटुंब उपयोगी पडतें. आजोबांचें फिरणें, आजींचें देवदर्शन, सूनबाईंची कचेरी, मुलांचा क्लास यांची पाळी लावल्यास घर सहसा रिकामें पडत नाहीं. शेजारच्या काकूंनाही विश्वासांत घ्यावें. मात्र कुत्रा एकाच व्यक्तीस फार चिकटला असेल तर जेवण, फिरणें व खेळ हीं कामें सर्वांनीं वांटून घ्यावीं. बाहेर पडण्यापूर्वीं त्यास चांगलें फिरवून आणावें. पोकळ रबरी खेळण्यांत दहीभात भरून, गोठवून द्यावा. चाटण्यांत त्याचा वेळ जातो. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षें आणि चॉकलेट हीं कुत्र्यास विषासमान आहेत, हें घरांतील मुलांनाही सांगून ठेवावें. घाबरलेल्या कुत्र्यास पिंजऱ्यांत कोंडल्यास तो दांत व नखें मोडून घेतो. तसेंच सोबतीस दुसरा कुत्रा आणल्यानें बहुधा भागत नाहीं, कारण त्यास हवें असतें तें माणूस. गणेशविसर्जनाचे ढोल-ताशे व दिवाळीचे फटाके यांनीं हें भय दुणावतें. गिरगांव-लालबागच्या रहिवाशांनीं निदान त्या रात्रीं तरी कोणी ना कोणी घरीं राहावें.

प्रारंभींच पशुवैद्यास दाखविणें अगत्याचें आहे. मूत्राशयाचा विकार, सांधेदुखी किंवा वार्धक्यांतील बुद्धिभ्रंश यांचीं लक्षणें कधीं कधीं अशींच दिसतात. भय अति असल्यास क्लोमिप्रामिन, फ्लुओक्सेटिन यांसारखीं औषधें वैद्य देतात. त्यांचा गुण येण्यास आठवडे लागतात, आणि शिकवणीवांचून तीं एकटीं पुरीं पडत नाहींत. माणसांचीं औषधें आपल्या बुद्धीनें कधींही देऊं नयेत. परळला १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय व बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय असल्यानें या भागांतील लोकांस दूर जाण्याचें कारण नाहीं.

आतां शेजाऱ्यांविषयीं. रात्रपाळी करून झोंपलेल्या माणसास किंवा आजारी म्हातारीस दिवसभराचें भुंकणें सोसवत नाहीं, ही तक्रार खोटी नव्हे. तिला उत्तर म्हणून कायद्याचें पुस्तक पुढें करण्यापूर्वीं, आपण काय उपाय चालविला आहे आणि त्यास किती आठवडे लागतील हें स्वतः जाऊन सांगावें. पुष्कळ भांडणें तेथेंच मिटतात. पण चिटणीसांनींही ध्यानांत ठेवावें, कीं बहुमतानें ठराव करूनही सोसायटीस पाळीव प्राण्यांवर बंदी घालतां येत नाहीं, असें भारतीय पशुकल्याण मंडळानें २०१५ सालीं कळविलें आहे. उलट धन्यांनीं हेंही जाणावें, कीं १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें कुत्र्यास सतत सांखळदंडांत वा कोंडून ठेवून फिरविण्यास न नेणें, आणि अन्नपाण्यावांचून तडफडेल अशा स्थितींत त्यास सोडून देणें, हे दोन्ही अपराध आहेत.

जून १८३२ मध्यें सरकारनें रस्त्यांवरील कुत्रीं मारण्याचा सपाटा लावला, तेव्हां याच मुंबईंत पारशी मंडळींनीं पुढाकार घेऊन दंगल उभारली व दुकानें बंद पाडलीं. आज कोणास दंगल करावयाची नाहीं. रोज सायंकाळीं वीस मिनिटें किल्ल्या वाजवीत दाराशीं आंत-बाहेर करण्याइतका वेळ कुटुंबांतील एकेकानें पाळीनें काढला, म्हणजे पुरे. ज्यानें आपल्या दारावर विश्वास टाकला, त्यास 'तें दार पुन्हां उघडतें' एवढी खात्री आपण देऊं शकतों. आणि ती पटली, कीं तो दाराकडे पाठ करून खुशाल झोंपतो.