विश्लेषण : संघ हरला की आधी प्रशिक्षकच का बदलायचा?

ढाक्यात १८ नोव्हेंबर २०२५ रोजी बांगलादेशने भारतीय फुटबॉल संघाला १-० असे हरवले. बांगलादेशकडून भारत हरला तो तब्बल २२ वर्षांनी. त्याआधी १४ ऑक्टोबरला गोव्यातील फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करून भारत २०२७ च्या आशिया चषकाच्या शर्यतीतून बाहेर पडला होता. मुख्य प्रशिक्षक खालिद जमील यांना पदावर येऊन तेव्हा जेमतेम साडेतीन महिने झाले होते. तरीही ‘आता दुसरा आणा’ ही मागणी सुरू झाली आणि चाहत्यांत सरळ दोन तट पडले. दीड वर्षात दोन प्रशिक्षक आधीच पायउतार झाले आहेत. त्यामुळे जमील राहणार की जाणार यापेक्षा, प्रशिक्षक बदलून नेमके काय बदलते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

जमील यांच्याविषयी तक्रार काय?

जमील हे मुंबईच्या मैदानांवर घडलेले प्रशिक्षक. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया अशा संघांकडून ते खेळले. २००९ मध्ये मुंबई एफसीची सूत्रे हाती घेतली आणि तुटपुंज्या साधनांत तो संघ वर्षानुवर्षे अव्वल साखळीत टिकवला. पुढे २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल एफसीला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. भारतीय क्लब फुटबॉलमधला तो सर्वांत मोठा धक्का होता. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची राष्ट्रीय संघावर नियुक्ती झाली. गोव्याचे साव्हियो मदेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यानंतर प्रथमच या पदावर भारतीय माणूस आला, म्हणून कौतुकही भरपूर झाले.

सुरुवात चांगली झाली. मध्य आशियातील काफा नेशन्स चषकात भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरा क्रमांक मिळवला. मग सिंगापूर आडवे आले. परतीच्या सामन्यात लालियानझुआला छांगतेने १४ व्या मिनिटाला गोल केला, घरचे मैदान होते, पाठीशी प्रेक्षक होते. मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी झाली आणि उत्तरार्धात सामना हातून गेला. आघाडी मिळाल्यावर संघ मागे सरकला, चेंडू ताब्यात ठेवण्याऐवजी लांब मारत बसला, ही चाहत्यांची तक्रार रास्त आहे. बचावाची भिंत उभी करून कमकुवत क्लबला तारणारी पद्धत, जिथे विजय मिळवणे भाग आहे अशा सामन्यात अपुरी पडली. हा दोष प्रशिक्षकाच्या पदरात घालावाच लागेल.

मात्र त्या सामन्यापूर्वीचे चित्रही पाहायला हवे. इंडियन सुपर लीग एरवी सप्टेंबरच्या आसपास सुरू होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील कराराचा तिढा न सुटल्याने त्या वर्षी ऑक्टोबरमध्येही लीगचा पत्ता नव्हता. सिंगापूरविरुद्ध उतरलेल्या आपल्या खेळाडूंच्या पायाला साखळी सामन्यांचा सराव नव्हता. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला खेळाडू मिळतात ते आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या खिडकीत, एका वेळी आठ-दहा दिवस. बाकीचे वर्षभर तो खेळाडू घडवत नाही, दुसऱ्यांनी घडवलेले निवडतो. आणि त्या वर्षी ‘दुसऱ्यांचे’ दुकानच बंद होते.

आधीच्या दोघांना बदलून काय साधले?

क्रोएशियाचे इगॉर स्टिमॅच २०१९ मध्ये आले. २०२३ मध्ये त्यांच्या संघाने आंतरखंडीय चषक आणि सॅफ स्पर्धा जिंकल्या, तेव्हा त्यांचा जयजयकार झाला आणि त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवण्यात आला. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ असा पराभव झाला. जूनमध्ये दोहा येथे कतारविरुद्ध, चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना दिल्या गेलेल्या वादग्रस्त गोलसह, पुन्हा १-२. विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकली आणि १७ जून २०२४ रोजी स्टिमॅच यांची हकालपट्टी झाली. करार मुदतीआधी तोडल्याबद्दल महासंघाला सुमारे ४ लाख डॉलर, म्हणजे तीन कोटी रुपयांहून अधिक रक्कम देऊन तडजोड करावी लागली. ज्या महासंघाकडे वयोगट स्पर्धांसाठी पैसा नेहमीच अपुरा असतो, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

त्यांच्या जागी स्पेनचे मानोलो मार्केझ आले. गंमत म्हणजे ते त्याच वेळी एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. एका माणसाने सकाळी क्लब आणि संध्याकाळी देश सांभाळावा, असा हा प्रकार. मे २०२५ मध्ये त्यांनी गोव्याला सुपर चषक जिंकून दिला. राष्ट्रीय संघाला मात्र त्यांच्या कारकीर्दीत आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही मालदीवविरुद्ध. शिलाँगमध्ये बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगकडून हार, आणि जुलै २०२५ मध्ये परस्पर संमतीने निरोप. म्हणजे क्लबमध्ये यशस्वी असलेला तोच माणूस राष्ट्रीय संघासोबत त्याच हंगामात अपयशी ठरला. दोष फक्त माणसात असता तर असे झाले नसते.

या सगळ्या काळात फिफाच्या क्रमवारीत भारत २०२३ मधील पहिल्या शंभराच्या आसपासच्या स्थानावरून घसरत नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२ व्या क्रमांकावर गेला. प्रशिक्षक तीन झाले. घसरण एकच आहे, अखंड.

नवा प्रशिक्षक आला की संघ जिंकतो, हे खरे का?

चाहत्यांना तसे वाटते याला कारण आहे. प्रशिक्षक हटवला जातो तो संघ तळाला गेल्यावर. तळाला गेलेला संघ पुढे थोडा तरी सुधारतोच. दुखापती बऱ्या होतात, नशीब पालटते, सोपे प्रतिस्पर्धी समोर येतात. त्याच वेळी नवा माणूस आलेला असतो, म्हणून श्रेय त्याला जाते. नेदरलँड्समधील अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी तिथल्या अव्वल साखळीतील १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षक बदलांचा अभ्यास केला. सलग पराभवांनंतर प्रशिक्षक बदललेले संघ आणि तशीच घसरण होऊनही न बदललेले संघ यांची त्यांनी तुलना केली. दोन्ही गट जवळपास सारखेच सावरले होते.

तरीही जगभर प्रशिक्षक बदलले जातात, कारण त्यात काहीतरी केल्याचे समाधान असते. अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांमागे अख्खी गावे वेडी असतात आणि हंगाम बिघडला की माजी विद्यार्थी व देणगीदार प्रशिक्षकाच्या मागे लागतात. त्यांचा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, पण चाहत्यांचे मन तेच. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले तेव्हा उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे मान्य करावे लागले. न शिकवण्यासाठी दिलेली ही बहुधा जगातली सर्वांत मोठी फी असावी!

मुझुमदार यांचे उदाहरण काय सांगते?

फुटबॉल सोडून क्षणभर क्रिकेटकडे पाहू, कारण त्याच ऑक्टोबरमध्ये हीच चर्चा एका मराठी प्रशिक्षकाभोवती चालू होती. अमोल मुझुमदार यांनी प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, पण भारताची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२४ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात संघ साखळीतच बाद झाला. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून लागोपाठ तीन पराभव झाले. इंग्लंडविरुद्ध तर अवघ्या चार धावांनी. त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला वगळण्याच्या निर्णयावर सडकून टीका झाली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. जेमिमा परतली, उपांत्य फेरीत तिसऱ्या क्रमांकावर पाठवली गेली आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ३३९ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा केल्या. २ नोव्हेंबरला भारत विश्वविजेता झाला. तीन पराभवांनंतरचा मुझुमदार आणि दोन आठवड्यांनंतरचा मुझुमदार हा माणूस एकच होता.

यावरून ‘प्रत्येकाला वेळ द्या’ असा सरसकट निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे. मुझुमदार यांच्या हाताशी महिला प्रीमियर लीगमध्ये तयार झालेल्या खेळाडू होत्या, देशांतर्गत स्पर्धा होत्या, पैसा होता. संयम कामी आला तो पाया असल्यामुळे. जमील यांच्या पायाखाली तो नव्हता. पुरुष क्रिकेट संघ त्याच नोव्हेंबरमध्ये मायदेशात दक्षिण आफ्रिकेकडून ०-२ असा हरला तेव्हा गुवाहाटीत गौतम गंभीर यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या. तिथे पाया भक्कम असल्याने प्रशिक्षकाला जाब विचारणे अधिक योग्य होते.

मग हटवायचे कधी?

पराभवापेक्षा वर्तन हा अधिक ठोस निकष आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाआधी भारतीय मुलांनीच आपल्या परदेशी प्रशिक्षकाच्या वागणुकीविरुद्ध लेखी तक्रार केल्याची वृत्ते आली आणि स्पर्धा काही महिन्यांवर असताना प्रशिक्षक बदलला गेला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. नवे प्रशिक्षक येऊनही भारत तिन्ही सामने हरला. पण तो बदल निकालासाठी नव्हताच, आणि म्हणून त्याला चूक म्हणता येत नाही. मुले प्रशिक्षकाला घाबरत असतील तर गुणतक्ता पाहण्याची गरजच नाही.

बाकी बाबतींत महासंघाने नियुक्तीच्या दिवशीच निकष जाहीर करावेत. किती दिवस सराव मिळेल, कोणत्या टप्प्यावर आढावा होईल, २३ वर्षांखालील किती खेळाडूंना संधी दिली जावी. तसे नसेल तर आढावा होतो तो हरल्याच्या रात्री, आणि त्या रात्री कुणीच शहाणे नसते. जमील यांना किमान एक संपूर्ण, वेळेवर सुरू झालेला लीग हंगाम पाठीशी असताना तपासले पाहिजे. त्यानंतरही संघ आघाडी घेऊन मागेच सरकत राहिला, तर चाहत्यांची मागणी मान्य करायला हरकत नाही.

मोखाडा-जव्हारचा याच्याशी काय संबंध?

खेळाडू जिथून यायला हवेत तिथे प्रशिक्षक कोण, हा प्रश्न या वादात कुणी विचारत नाही, म्हणून. २०१७ च्याच विश्वचषकानिमित्त महाराष्ट्रात एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला आणि राज्यभरातील शाळांना चेंडू दिले गेले. चेंडू पोहोचवणे सोपे होते. त्या चेंडूचे करायचे काय हे शिकवणारा माणूस त्याच्यामागून दुर्गम तालुक्यांत गेला नाही.

आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय आणि विभागीय स्पर्धांत कबड्डी, खो-खो, हँडबॉल, धावण्याच्या शर्यती होतात. चढ-उतार तुडवत वाढलेली इथली वारली, कोकणा, ठाकर, कातकरी मुले दमसासात कुणाला हार जाणारी नाहीत. पण संघाची तयारी बहुतेकदा ज्याच्याकडे वर्ग, वसतिगृह आणि कागदपत्रेही असतात अशा शिक्षकावर पडते. त्यात दिवाळीनंतर, भात-नाचणीची कामे आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईकडे जातात. गावातल्या शाळेची मुले पालकांसोबत निघाली की संघ तिथेच मोडतो. निवासी आश्रमशाळेत तो टिकू शकतो.

एकाच प्रशिक्षकाने वर्षानुवर्षे लक्ष घातले तर काय होते याची उदाहरणे लांब शोधायला नकोत. मोखाड्यापलीकडे नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत विजेंदर सिंग यांच्या हाताखाली नाशिकला घडली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. पालघरच्या माहीमचा शार्दूल ठाकूर लोकलने मुंबई गाठत असे. दिनेश लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले, शाळा बदलून दिली. या दोन्ही नात्यांत पहिल्या अपयशाला प्रशिक्षक बदलण्याचा विचार कुणाच्या मनात आला नसेल. बदलायला दुसरा होताच कुठे?

फुटबॉलमध्ये प्रशिक्षक होण्याची पहिली पायरी म्हणजे महासंघाचा ‘डी’ परवाना. तो काही दिवसांच्या अभ्यासक्रमात मिळतो, पण त्यासाठी शहर गाठावे लागते. मोखाड्याच्या शिक्षकाला रजा, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च स्वतः सोसून हे जमणे कठीण. तोच अभ्यासक्रम उन्हाळी सुटीत जव्हारला घेता येईल. आश्रमशाळांची वसतिगृहे तेव्हा रिकामी असतात आणि पावसाळा लागेपर्यंत मैदाने कोरडी असतात. आदिवासी विकास विभाग आणि फुटबॉल संघटना यांनी एकत्र बसून तारखा ठरवल्या तर जूनमध्ये शाळा उघडताना काही आश्रमशाळांत परवानाधारक प्रशिक्षक असेल. स्टिमॅच यांच्याशी तडजोडीसाठी मोजलेल्या रकमेत अशी किती शिबिरे झाली असती, याचा हिशेब महासंघाने एकदा मांडून पाहावा.