पाहुणा पाण्यात उतरण्याआधी



भातकापणी आटोपते, दिवाळीची सुट्टी लागते आणि मालवणात घाटावरच्या गाड्यांची रांग लागते. पाहुणा आधी जेटीवर जातो, होडीतून सिंधुदुर्ग किल्ला बघून येतो, माशाचं जेवण जेवतो आणि मग घरमालकाला विचारतो, "काका, पोहायला कुठं जाऊ?" आपण हात वर करून सांगतो, "हा काय समोर दर्या!"

हे उत्तर किती महागात पडतं ते आपण पाहिलं आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याजवळ मुरूडच्या समुद्रात पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी आपल्याच वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले ८ जण गेले. दोन्ही गावं जलदुर्गाची, दोन्हीकडचे पाहुणे लांबचे. समुद्राची ओढ त्यांना ठाऊक नव्हती. आपल्याला ठाऊक असते, पण आपण सांगत नाही. चूक तिथे आहे.

कुणी म्हणेल, कृषी खात्याच्या माणसाला पोहण्याची चौकशी कशाला? १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून नारळाच्या बागेत दोन खोल्या काढून न्याहारी-निवास चालवणारे कितीतरी शेतकरी तयार झाले. आंबा दगा देतो त्या वर्षी याच खोल्या घर चालवतात. म्हणून पाहुण्याची काळजी हीसुद्धा शेतकऱ्याचीच गोष्ट आहे.

आता जागा बघू. किल्ल्याला सर्वांत जवळची जागा पोहायला सर्वांत चांगली, असं मुळीच नाही. किल्ल्याभोवती खडक आहेत, त्यावरची कालवं पाय कापतात, शिवाय होड्यांची सारखी ये-जा. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथलं प्रवाळ तुडवायचं नाही. दांडीचा किनारा मच्छीमारांचा. तिथे होड्या, जाळी, दोर आणि गळ असतात, तिथे पोहणं दोघांनाही अडचणीचं. देवबागेत कर्ली नदी समुद्राला मिळते. संगम बघायला सुंदर, पण ओहोटीला नदी आणि खाडीचं पाणी एकदम बाहेर धावतं. तिथे बोटीतून फिरावं, अंगावर पाणी घ्यायला उतरू नये. हाच नियम तळाशील आणि कोळंबच्या खाडीच्या तोंडालाही लागू.

राहिले चिवला आणि तारकर्लीसारखे वाळूचे किनारे. चिवल्याला तर सागरी जलतरण स्पर्धा भरतात. पण स्पर्धेच्या दिवशी रक्षक होड्या असतात, एरवी नसतात, हे विसरू नका. तारकर्लीचं पाणी नितळ म्हणून निर्धोक, असंही समजू नये. नितळ पाण्यात खोली कमी भासते.

जागा ठरली तरी पाणी रोज वाचावं लागतं. दहा मिनिटं वाळूवर उभे राहा. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटत आहेत आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी शांत, जरा गढूळ, फेस बाहेर चालला आहे, असं दिसलं तर तीच ओढीची धार. नवखा माणूस शांत पाणी बघून नेमका तिथेच उतरतो! धारेत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. अंग सैल सोडून तरंगावं, हात वर करावा, किनाऱ्याला समांतर पोहून धारेबाहेर पडावं आणि मग लाटांबरोबर आत यावं.

भरतीचा हिशेब पंचांगात आहेच. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तासाभराचा फरक धरावा. पाणी चढत असताना कमरेपर्यंत उतरावं, ओहोटी लागली की बाहेर यावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त जपावं. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते. जिथे होडी जात नाही तिथे माणसाने कशाला जावं?

आता स्वच्छतेचं बघा. आंघोळीच्या समुद्राच्या पाण्यात १०० मिलिलिटरला मलजन्य जंतू १०० च्या आत असावेत, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक आहे. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून नाल्याच्या तोंडाशी आणि मोठ्या पावसानंतर दोन दिवस पाण्यात उतरू नये. पण नाल्यात घाण सोडतं कोण? आपल्याच खोल्यांचं सांडपाणी ना? स्वयंपाकघराचं आणि न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात फिरवा. संडासाच्या टाकीचं पाणी शोषखड्ड्यात जिरवा, खड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब घ्या. माशाची घाण वाळूत न टाकता खतखड्ड्यात पुरा. समुद्र स्वच्छ राहील, माडही खूश होईल.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करून गावाची पोहण्याची एकच जागा नक्की करा. दोन लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही. मराठी, कन्नड, हिंदीत फलक लावा. गावातलाच पट्टीचा पोहणारा तरुण हंगामापुरता मानधनावर जीवरक्षक नेमा. त्याच्याजवळ लांब दोर आणि फुगवलेली ट्यूब हवी. बुडणाऱ्यामागे उडी मारून आणखी एक जीव जातो, म्हणून आधी दोर फेकायचा. बाहेर काढलेल्याचं पोट दाबत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करा. हे प्रात्यक्षिक आरोग्य केंद्राकडून गावात एकदा करून घ्यावं.

बागायतदारांनो, तुमच्या खोलीच्या दारावर जेवणाचे दर लिहिलेले असतात. त्याच पाटीखाली उद्यापासून तीन ओळी लिहा: आज भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, पोहायची जागा कोणती. खर्च खडूचा. दर्याचो भरवसो नाय, असं आपले म्हातारे सांगत आले. ते आपल्या घरात राहिलं, पाहुण्यापर्यंत पोचलं नाही. यंदा ते पोचवू या.