मत गावाला, गटार सुरतेत



गावी सरपंचाची निवडणूक लागली की उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या घरांत पिशव्या भरू लागतात. कारखान्यात खाडा पडला तरी चालेल, पण नंदुरबार-अमळनेरकडची गाडी चुकता कामा नये! चुलत्याचा मुलगा उभा असतो, भाऊबंदकीचा प्रश्न असतो. महाराष्ट्रात २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, त्यामुळे चुरसही वाढली आहे. मायेपोटी माणूस जातो, हे आम्हाला समजते.

पण ज्या गल्लीत आपण बारा महिने राहतो, जिथले गटार तुंबते, तिथल्या यादीत आपले नावच नसते, त्याचे काय?

सुरत महापालिकेच्या २०२१ च्या निवडणुकीत ३० वॉर्डांतून १२० नगरसेवक निवडून आले. एका मतदाराला चार मते. भाजपला ९३ जागा मिळाल्या, आम आदमी पक्षाला २७, आणि २०१५ मध्ये ३६ जागा जिंकणाऱ्या काँग्रेसला एकही नाही. ही उलथापालथ मुख्यतः वराछा बाजूच्या पाटीदार मतदारांनी केली. तेही सौराष्ट्रातून पोटासाठीच आलेले. त्यांनाही गाव आहे, भाऊबंद आहेत. पण मत त्यांनी इथे ठेवले.

आपल्याकडे नेते नाहीत असे नाही. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २०२४ मध्ये केंद्रात मंत्री झाले, संगीताताई पाटील २०१२ पासून लिंबायतमधून तीनदा आमदार झाल्या. अभिमान आहेच. सत्कार, हारतुरे आपण हौसेने करतो (त्यात आमचे मंडळही मागे नाही). मात्र नळाला पाणी किती वेळ यावे, हा प्रश्न नगरसेवकाचा. महापौर अडीच वर्षांसाठी नगरसेवकच निवडतात. महापालिकेच्या मराठी शाळा ज्या नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे आहेत, तिचे सभासदही त्यांच्याच मतांवर येतात. मराठी वर्गाला शिक्षक मिळावा म्हणून आपण अर्ज घेऊन जातो, तेव्हा समोरचा आधी वॉर्डातली मते मोजतो.

दोन ठिकाणी नाव ठेवणे १९५० च्या कायद्याने चालत नाही. जिथे राहतो तिथेच नाव हवे. त्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो, राहत्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी पुराव्याची जुळवाजुळव आधीच करावी. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

चुलत्याला काय सांगायचे, ते ज्याचे त्याने पाहावे.