मोबाइल लेकाच्या खिशात असतो

प्रति,
कर्करोग जनजागृती करणाऱ्या संस्थांचे विश्वस्त आणि त्यांची समाजमाध्यमं सांभाळणारे कार्यकर्ते,



ऑक्टोबर लागला की तुमच्या गुलाबी फितीच्या पोस्ट जिंतूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही येतात. त्याच दिवसांत इथे सोयाबीनची काढणी असते, पाठोपाठ कापसाची वेचणी. बाई उजाडता शेतात जाते ती दिवेलागणीला परतते. मोबाइल असतो लेकाच्या खिशात. स्तनातल्या गाठीची पोस्ट तो बघतो आणि पुढे सरकतो. आईपुढे हा विषय काढायचा कसा?

म्हणून पोस्ट त्याच्यासाठी लिहा. ‘आईला एवढं ऐकव’ म्हणा आणि सोबत दोन मिनिटांचा ऑडिओ द्या, बाईच्या आवाजात, आमच्या बोलीत. गाठ दुखत नाही म्हणूनच बाया ती अंगावर काढतात. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं तरी कुणाला सांगत नाहीत. हे त्यात स्पष्ट बोला.

तंबाखूच्या पोस्टवरची सिगारेटही बदला. इथल्या कितीतरी बाया मिशरी लावतात: तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखू, कुटून डबीत भरलेली, सकाळी बोटाने दातांवर घासायची. तिला व्यसन कुणी म्हणत नाही. फुली मारलेली सिगारेट पाहून हे आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटणारच नाही. तो तवा आणि ती डबी दाखवा.

ब्रिटनमध्ये २०१४ साली समाजमाध्यमांवरच्या बिनमेकअपच्या सेल्फींच्या लाटेत सहा दिवसांत कर्करोग संशोधनासाठी ८० लाख पौंड जमले. निधी उभारायला हे माध्यम जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण तपासणीला बाई कशी येते, ते आपल्या मराठवाड्यानेच दाखवलंय. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० वर स्त्रियांचा अभ्यास केला. आरोग्य कार्यकर्त्यांनी समक्ष बोलावलं, तपासणी गावाजवळ झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा पोस्ट आधी आमच्या आशाताईंना द्या, त्या घरोघरी जातात. तपासणी कुठे, किती तारखेला, बाई डॉक्टर आहेत का, पैसे लागतात का, हे पोस्टवर असू द्या. काही निघालंच तर संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत सोबत कोण येणार, तेही. शिबिर संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांवर मात्र दसऱ्याआधीच या.

आपली,
जिंतूरची एक रहिवासी