रीफ-सेफ म्हणे, विथ कॉशन!

या शनिवारी जरा भांडायचा मूड आहे, तेव्हा मंडळी, सांभाळून घ्या. विषय मासे. ज्यांचा माशांशी संबंध सुरमई-पापलेटपुरताच आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मुद्दा माशाच्या स्वभावाचा कमी आणि विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या अकलेचा जास्त आहे.

इथे न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या देशी मंडळींमध्ये रीफ टँकचं वेड चांगलंच पसरलंय. रीफ टँक म्हणजे साधं फिशटँक नव्हे. खारं पाणी, सच्छिद्र दगड, त्यावर चिकटवलेले जिवंत कोरलचे बोटाएवढे तुकडे, वर निळसर दिवे. कोरल हा प्राणी आहे, शोभेचं झाड नाही. त्याला स्वतःचा चुन्याचा सांगाडा बांधायचा असतो, म्हणून पाण्यातलं कॅल्शियम ४२०च्या आसपास, अल्कलिनिटी ८ ते ९, तापमान २५-२६ अंश, हे सगळं आठवडोन् आठवडे न हलवता सांभाळावं लागतं. बोटाएवढ्या तुकड्याची मुठीएवढी वसाहत व्हायला दोन-तीन वर्षं जातात. माझा स्वतःचा टँक चार वर्षांचा आहे आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्याची जन्मतारीख मला पाठ आहे (आईची विचारू नका).

आणि अशा टँकमध्ये लोक ट्रिगरफिश आणून सोडतात.

ट्रिगर दिसायला देखणाच, यात वाद नाही. क्लाउन ट्रिगरचं पिल्लू एकदा बघाच. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, तोंडाला पिवळी लिपस्टिक, आकार जेमतेम ५ सेंटिमीटर. दुकानात ते काचेशी येऊन आपल्याकडे टकामका बघतं, कारण हे मासे खरंच हुशार असतात. झालं, माणूस खल्लास. खाली चिठ्ठी असते: 'रीफ-सेफ, विथ कॉशन.'

माझं भांडण आहे ते या चार शब्दांशी. 'सुरक्षित, पण जपून' म्हणजे नक्की काय? माशाने जपायचं? कोरलने जपायचं? की मी रात्री दोन वाजता उठून टॉर्च मारून बघायचं? आमच्या धंद्यात कंपाइलरने वॉर्निंग दिली की ती दिसू नये म्हणून एक ओळ टाकणारे लोक असतात. ही चिठ्ठी तेच काम करते. मासा विकलाही जातो आणि उद्या काही झालं तर 'आम्ही लिहिलं होतं ना' म्हणायची सोयही राहते. हाच क्लाउन ट्रिगर समुद्रात ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, हे मात्र चिठ्ठीवर नसतं. अर्धा मीटर. तुमच्या हॉलमधल्या टीव्हीच्या निम्म्या रुंदीएवढा.

आता या माशाची बांधणी बघा. वरच्या आणि खालच्या जबड्यात बाहेरच्या बाजूला आठ-आठ दात, छिन्नीसारखे. तोंड लहान, पण त्यामागचे स्नायू दणकट. डोळे तोंडापासून लांब, पार डोक्यावर, म्हणजे काटेवाल्या भक्ष्याला तोंड लावताना डोळ्यात काटा जाऊ नये. कारण खायचं काय, तर सी अर्चिन, खेकडे, शिंपले, गोगलगायी, नळीत राहणारे किडे. काही जातींच्या यादीत थेट कोरलसुद्धा. सी अर्चिन म्हणजे तो काट्यांचा चेंडू. समुद्रावर कधी पाय पडला असेल तर विसरला नसाल. निळा ट्रिगर या चेंडूवर तोंडाने पाण्याची पिचकारी मारून त्याला उलटा पाडतो आणि खालच्या कमी काट्यांच्या बाजूने फोडून खातो. हान्स फ्रिके या जर्मन शास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रात याचा अभ्यास केला, त्याला आता पन्नासएक वर्षं झाली. थोडक्यात, हा मासा म्हणजे कवच फोडायचं यंत्र आहे.

रीफ टँकमध्ये कवच कोणाला असतं? शेवाळ खाणाऱ्या गोगलगायींना. उरलंसुरलं साफ करणाऱ्या शंखातल्या खेकड्यांना. क्लीनर श्रिंपला. म्हणजे टँकचा अख्खा सफाई विभाग! ट्रिगर आणणं म्हणजे नगरपालिकेचे सगळे झाडूवाले जेवणात वाढणं. ते संपले की शेवाळ माजतं, शेवाळ कोरलवर चढतं. त्यात ट्रिगरचं खाणं भरपूर आणि खाण्याची पद्धत लग्नाच्या पंगतीतल्या बारक्या पोरांसारखी, निम्मं तोंडात आणि निम्मं आजूबाजूला. नायट्रेट-फॉस्फेट वाढतात आणि निळे-गुलाबी कोरल चहाच्या रंगाचे होतात. म्हणजे त्याने कोरलला एकदाही तोंड लावलं नाही तरी तुमचा रीफ गेलाच.

हे सगळं सांगितलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं: "अरे, समुद्रात दोघं एकत्रच राहतात ना? मग टँकमध्ये का नाही?"

आता जरा नीट ऐका, कारण हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे.

केनियाच्या किनाऱ्यावर टिम मॅक्लानाहन हे संशोधक १९८०च्या दशकापासून रीफचा अभ्यास करत आलेत. तिथे मासेमारी जोरात असलेल्या रीफवर सी अर्चिनची संख्या बेफाम वाढलेली सापडली आणि मासेमारी बंद असलेल्या सागरी उद्यानांत ती आटोक्यात. अर्चिन शेवाळ खरवडताना खालचा चुनाही खरवडतात, त्यामुळे फार झाले की रीफचा पायाच झिजत जातो. मग उद्यानांत त्यांना आवर कोण घालतं? मुख्यतः एक मासा: नारिंगी रेघांचा ट्रिगर. दुकानांत 'अंड्युलेट' नावाने मिळतो तोच! ज्याला टँकवाले 'सायको' म्हणतात, जो टँकमधले दगड हलवतो आणि पंपाच्या वायरी चावतो, तोच मासा तिथे रीफ टिकवून धरतो.

बरं, अर्चिन अजिबात नसले तरी पंचाईतच. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे काळे अर्चिन रोगाने जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यानंतर अनेक ठिकाणी कोरलवर शेवाळाने कब्जा केला. म्हणजे ट्रिगर हवा, अर्चिनही हवा, कोरल हवं आणि मुख्य म्हणजे जागा हवी. समुद्रात ट्रिगर इथे एक अर्चिन फोडतो, तिथे एक शिंपला, मग पुढे जातो. त्याने मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वेळ मिळतो, आणि त्याच्या तावडीतून सुटलेल्या खेकड्याला पळायला जागा मिळते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक घेतला, म्हणजे अपार्टमेंटच्या मानाने हत्तीच, तरी त्यात पाणी बसतं ६८० लिटर. तेवढ्यात तेच दहा दगड, त्याच वीस गोगलगायी, आणि तोच ट्रिगर दिवसभर. सिंह आणि हरणं जंगलात एकत्र राहतात म्हणून दोघांना वन-बीएचकेमध्ये कोंडून बघा की.

म्हणून मला 'आक्रमक मासा' हा शब्दच पटत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. टायटन ट्रिगर ७५ सेंटिमीटरचा धटिंगण, अंदमान-मालदीवला स्कूबा केलेल्यांना तो माहीत असेल. अंडी घातलेली असली की पाणबुड्यांच्या अंगावर धावून जातो. त्याची हद्द घरट्यापासून वर उघडत जाणाऱ्या शंकूसारखी असते, म्हणून इन्स्ट्रक्टर सांगतात की वर पळू नका, आडवे पोहत बाहेर पडा. तिथे कोणी त्याला वेडा म्हणत नाही, आपणच बाजूला होतो. टँकमध्ये बाजूला व्हायला जागा नसते, एवढाच काय तो फरक.

दुसरा युक्तिवाद: "माझ्याकडे आहे, काही त्रास देत नाही." हे म्हणजे 'माझ्या मशीनवर तर चालतंय'. टेस्टिंगवाल्यांनी बग टाकला की आम्ही हेच म्हणतो आणि प्रॉडक्शनला गेलं की तोंडावर आपटतो. विचारा त्यांना, मासा केवढा आहे? आठ सेंटिमीटर. किती दिवस झाले? पाच महिने. अहो, तो अजून बालवाडीत आहे! आणि शांत ट्रिगरचे व्हिडिओ लोक हौसेने दाखवतात. दीड वर्षाने त्याच टँकमध्ये काय उरलंय याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. 'प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा असतो' हेही मान्य. पण मग तो तुमच्या विरुद्धचाच मुद्दा झाला. स्वभाव आधी कळत नाही, म्हणूनच तीन वर्षं वाढवलेलं कोरल त्यावर पणाला लावू नये.

"पोटभर खायला घातलं की नाही करत." करतो. भूक हे एकच कारण नसतं. दगड उचलून खाली काय आहे बघणं, नवी वस्तू चावून बघणं, हे त्याचं दिवसभराचं काम आहे. हुशार प्राण्याला रिकामं बसवलं की काय होतं, हे बेंचवर बसलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरवाल्याला विचारा.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राची गोष्ट सांगतो. त्याला एका दुकानदाराने हेच 'विथ कॉशन' पिल्लू विकलं. पहिले काही महिने मजेत. मग गोगलगायींचे रिकामे शंख दिसायला लागले. मग दोन क्लीनर श्रिंप एका रात्रीत गायब. वर्षभराने त्याने ॲक्रोपोराची वसाहत फोडायला सुरुवात केली. कोरल खायला नव्हे, फांद्यांच्या आत राहणारा छोटा खेकडा काढायला! मित्राने तीन वर्षं वाढवलेली वसाहत चार दिवसांत काड्यांचा ढीग झाली.

मग मासा बाहेर काढायचा ठरलं, आणि इथे 'ट्रिगर' या नावाचा अर्थ कळतो. पाठीवरचा पहिला काटा उभा राहिला की दुसरा त्याला मागून अडसरासारखा लॉक करतो. तो दुसरा काटा बंदुकीच्या चापासारखा दाबला तरच पहिला खाली बसतो. घाबरला की मासा कपारीत शिरतो आणि काटा लॉक करून बसतो. जाळीने ओढून निघत नाही. ओढलाच तर जखमी होणार. शेवटी आम्ही तिघांनी रविवारची दुपार घालवून, चिकटवलेलं कोरल तोडत, एकेक दगड बाहेर काढला आणि ज्या दगडात हा बसला होता तो दगड माशासकट उचलून बादलीत ठेवला. बादलीत हे महाशय डुकरासारखे घुरघुरत होते (ट्रिगर खरंच आवाज काढतात, हवाईचा राज्यमासा हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ हाही ट्रिगरच, आणि त्याच्या नावातही डुकराचं तोंड आहे). दुकानदार म्हणाला, परत घेत नाही, एवढा मोठा ट्रिगर कोण घेणार. तीन आठवडे तो मासा गराजमध्ये प्लास्टिकच्या टबात होता. चौथ्या आठवड्यात मेला.

या गोष्टीत कोरल गेलं, कोळंब्या गेल्या, मासा गेला. चिठ्ठी त्या दुकानात अजून आहे.

आणि हा मासा कारखान्यात बनत नाही. बाजारातले बहुतेक ट्रिगर आजही समुद्रातून पकडलेले असतात. म्हणजे जिथे त्याला काम होतं तिथून उचलून, जिथे तो फक्त उपद्रव ठरणार तिथे आणायचा. (पुण्या-मुंबईतल्या हौशी मंडळींसाठी आणखी एक. कठीण सांगाड्याची सगळी कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंक्तीला! किनाऱ्यावरून कोणी 'ताजं आणून देतो' म्हणाला तर ट्रिगरच्या आधी त्यालाच बाहेर काढा.)

सगळेच ट्रिगर तसे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. निळ्या गळ्याचा ब्लूथ्रोट, क्रॉसहॅच, या मंडळींचं खाणं मुख्यतः पाण्यात तरंगणारे बारीक जीव. ते दगड उकरत बसत नाहीत आणि मोठ्या रीफ टँकमध्ये बऱ्यापैकी नांदतात. कोळंबीची खात्री तिथेही नाही. नायजर ट्रिगर हाही तरंगतं खाणारा, पण तोही ५० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा टँकचं माप आधी काढा. दुकानदाराने जात न सांगता नुसतं 'ट्रिगर' म्हटलं तर लॅटिन नाव विचारा. नाव सांगता आलं नाही तर तिथून काहीही घेऊ नका, फ्लेकचा डबासुद्धा.

आणि क्लाउनच हवा, त्याच्याशिवाय जीव जाणार, असं असेल तर त्याला त्याचं स्वतःचं घर द्या. कोरल नको. सहा फुटी टँक ही सुरुवात समजा, पुढे आणखी मोठा लागेल. मोठे दगड खालपर्यंत नीट टेकवून, त्याला हलवता येणार नाहीत असे रचा. हीटर आणि वायरी खालच्या सम्पमध्ये ठेवा, टँकला झाकण ठेवा. आणि कोळंबी सोलून देऊ नका, सालासकट द्या. शिंपलेही बंदच टाका. फोडायचं काम त्याचं आहे.