श्वासविकार आणि विमानातील धूम

श्वासव्याधीच्या हेतूंमध्ये चरकाचार्यांनी रज व धूम यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. आपण मात्र धूम म्हणजे चूल, विडी व कारखाना एवढेच गृहीत धरतो. बोइंग 787 सारखा अपवाद वगळता बहुतेक जेट प्रवासी विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून घेतली जाते. सील गळल्यास तापलेल्या तेलाची वाफ तीत मिसळू शकते. ऑस्ट्रेलियात 1992 साली अशा धुरानंतर जडलेल्या चिवट कासाबद्दल एका हवाईसेविकेला मिळालेली भरपाई 2010 मध्ये अंतिमतः कायम झाली. दीर्घकालीन परिणामांबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु त्यामुळे हेतू न विचारण्याची मुभा वैद्याला मिळत नाही.

विमानकर्मचारी कास-श्वासाची तक्रार घेऊन आल्यास ‘तमक श्वास’ असे लिहिण्यापूर्वी उड्डाणाची तारीख, धूर वा तेलकट वास आणि सहकाऱ्यांची लक्षणे नोंदवावीत. फुप्फुसक्षमता चाचणीही करून घ्यावी. औषधविक्रेत्यांनी कासाचे औषध पुनःपुन्हा मागणाऱ्यास वैद्याकडे पाठवावे; वत्सनाभयुक्त श्वासकुठार रस चिठ्ठीविना देऊ नये. निदानपरिवर्जन हीच आद्य चिकित्सा होय. हेतू कायम राहिला, तर उत्तम कल्पानेही मिळणारा उपशय तात्पुरताच ठरतो.