गाणी दोनच ठेवा म्हणणाऱ्यांना

"गाणी दोनच ठेवा, उपदेशाला वेळ पुरत नाही." आमच्या मंडळीच्या कमिटीत दर दोन-तीन महिन्यांनी हे वाक्य कुणीतरी बोलतंच. बोलणारा माणूस भला असतो, रोज बायबल उघडणारा असतो, म्हणून ते हसण्यावारी नेता येत नाही. त्याचा मुद्दा असा की विश्वास वाढतो तो वचन ऐकून. गाण्याने नुसत्या भावना चाळवतात, आणि त्या सोमवार सकाळपर्यंतही टिकत नाहीत.

ही धास्ती जुनीच. संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'मध्ये कबूलच केलंय, की अर्थापेक्षा सुरानेच मन जास्त हललं तर आपल्याला अपराधी वाटतं. पण त्याच ठिकाणी मिलानच्या मंडळीची गीतं ऐकून आपले डोळे भरून आले होते हेही तो आठवतो, आणि शेवटी कौल गाण्याच्या बाजूने देतो. झुरिकचा झ्विंग्ली मात्र पुढे गेला. स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा हा सुधारक. त्याने उपासनेतलं गाणंच थांबवलं. 1527 मध्ये तिथल्या मुख्य चर्चमधला ऑर्गन मोडून काढला. झुरिकच्या मंडळ्यांत गाणं परत आलं ते 1598 मध्ये. उपदेशाला तिथे काही तोटा नव्हता, तरी गाणं परत आणावंच लागलं.

आता वचनाचंच बोलू. कलस्सैकरांना लिहिताना पौल शिकवणं आणि स्तोत्रं गाणं एकाच वाक्यात गुंफतो. त्याच्या लेखी गाणं ही शिकवणीचीच एक तऱ्हा आहे, आणि ती शिकवण एकमेकांना द्यायची आहे. उपदेशात पाळकसाहेब बोलतात, आपण ऐकतो. गीतात मात्र शेवटच्या बाकावरची, अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा पाळकसाहेबांना शिकवत असते. हा मान तिला उपासनेत दुसरीकडे कुठे मिळतो?

आणि सोमवारचं म्हणाल, तर गेल्या महिन्यातल्या उपदेशाचे तीन मुद्दे सांगून दाखवा. मला येत नाहीत. पण भांडी घासताना ओठांवर येतं ते गीतच, चालीसकट.

गोव्यातल्या फादर स्टीफन्सला हे चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. पुराणं ऐकत वाढलेल्या लोकांकडून ती पुराणं काढून घेतली, त्यांच्या जागी काय देणार? नुसती प्रश्नोत्तरं पाठ करायला दिली तर मन भरत नाही. म्हणून त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं, मराठीत. 1616 मध्ये ते छापलं गेलं आणि चर्चमध्ये रविवारी, सणावारी म्हटलं जाऊ लागलं. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही, तरी ग्रंथ उरला. हस्तलिखितांत उरला, म्हणणाऱ्यांच्या तोंडी उरला.

इथे दुसरा आक्षेप येतो. ओवी, अभंग, कीर्तन, टाळ हे सगळं "त्यांचं", आपलं नव्हे. हे म्हणणाऱ्यांनी 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक उघडून गीतांखालची नावं वाचावीत. नारायण वामन टिळक पानोपानी भेटतील. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी सांगे, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ज्या पुलावरून माणूस आला तो त्याने पाडायचा का? पियानोवर वाजणारी विलायती चाल पवित्र आणि झांजेवरची बाटलेली, हा निवाडा कुठल्या शास्त्रातला, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

पण गाण्याच्या बाजूचे सगळेच माझ्या बाजूचे आहेत, असं नाही. मंचावरची वर्शिप टीम, चार माइक, कीबोर्ड, पडद्यावर सरकणाऱ्या ओळी, आणि एकच ओळ वीस वेळा. मंडळी उभी असते, हात वर असतात, पण शेजारच्याचा आवाज कानावर येत नाही. हे ऐकणं झालं, गाणं नव्हे. ऑगस्टीनची धास्ती खरी ठरते ती इथे.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्याकडे लाईट गेली. पडदा काळा, कीबोर्ड मुका. टीम दुसऱ्या कडव्यावर अडली. पोरं मोबाईलवर शब्द शोधू लागली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने, मागून, आवाज आला. थोडा चिरका, पण ठाम. दोन-तीन म्हाताऱ्यांनी तिसरं कडवं उचललं, मग चौथं, मग पाचवं. पुस्तक कुणाच्याच हातात नव्हतं. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री पौल आणि सीला खोड्यात पाय अडकलेले असताना गात होते. त्यांच्यापाशी तरी कुठली वही होती? पाठ होतं तेच कामी आलं.

तेव्हा पुढच्या सभेत गाणी कमी करायचा ठराव आला तर माझं मत विरोधात लिहून घ्या. सोबत माझी सूचनाही नोंदवा: महिन्यातून एका रविवारी पडदा गुंडाळून ठेवा, माइक बंद करा, आणि एक गीत शेवटच्या कडव्यापर्यंत सगळ्यांनी म्हणा. उपदेशाची पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या.